दुखणे किती?

वरच्या कार्यालयातल्या साहेबांनो, तुम्ही एका म्हातारीचं दुखणं चुकीचं मोजलंत. 'चूक कुणाच्याही हातून होते' ही पळवाट तुम्हाला उघडी नाही, कारण चूक तुमच्या टेबलावर आणून ठेवली तेव्हा तुम्ही चष्मा पुसलात, चहा मागवलात आणि म्हणालात, "विदा खोटं बोलत नाही." बरोबर आहे. विदा खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. त्या आकड्यांच्या तोंडी शब्द घालणारी माणसं असतात आणि ती पगारावर असतात. तेव्हा कुणी काय घातलं ते आता सगळं ऐका. मधेच 'मीटिंग आहे' म्हणून उठू नका. ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस तुमच्या दाराबाहेर पाय दुखेस्तोवर उभा राहिलेला आहे. तुम्हाला गादीच्या खुर्चीत बसून ऐकायला काही होत नाही.

तर खालच्या कार्यालयात एक आवक-जावक कारकून आहे. येणाऱ्या कागदावर 'आवक'चा शिक्का मारायचा, जाणाऱ्यावर 'जावक'चा, हे एकच काम वर्षानुवर्षं केल्यामुळे त्याचं खरं नाव लोक विसरले आणि तो नुसता आवकजावक झाला. त्याच्या बायकोला शेजारणी 'जावकवहिनी' म्हणतात. ती चिडते. म्हणते, "जावक तेवढी माझ्या वाट्याला, आवक कुठाय?"

माणूस मुळात भित्रा. दाराला कुलूप लावलं की ओढून बघणार, जिना उतरणार, अर्ध्यावर शंका येणार, परत चढून ओढून बघणार. अशा माणसानं तळमजल्यावर राहायला हवं होतं. पण देवानं आणि खात्यानं मिळून त्याला कर्मचाऱ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचं शेवटचं घर दिलं, वीस नंबरचं. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टची जागा आहे. तिथं सायकली उभ्या असतात, बहुधा लिफ्टची वाट बघत.

वर त्याची आई. आईचे गुडघे संपावर गेलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज सपाटीवर चालवा. नाहीतर पाय कायमचे जातील, मग माझ्याकडे येऊ नका." आता चौथ्या मजल्यावर सपाटी म्हणजे गॅलरी, आणि ती एवढीशी की चालायला लागलं की वळावं लागतं आणि वळलं की गुडघा कळ मारतो. दवाखान्यात न्यायचं तर आईला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणायचं. लोक दारात येऊन बघायचे. पहिल्या वेळी आई गप्प होती. दुसऱ्या वेळी म्हणाली, "चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं म्हणून ऐकलं होतं. माझं आपलं महिन्याच्या महिन्याला चाललंय." उचलणाऱ्यांपैकी एकाला हसू फुटलं, खुर्ची कलली, आणि आवकजावकनं धावत येऊन खुर्चीचा पाय धरला.

अशात तळमजल्यावरचं दोन नंबरचं घर रिकामं झालं. तिथं राहणारे भांडारवाले निवृत्त होऊन गावाला गेले. समोर एक नंबरात आईची जिवाभावाची मैत्रीण, खालची मावशी. दोघी इतकी वर्षं गॅलरी आणि अंगण यांच्यामधून ओरडून बोलत, त्यामुळे दोघींची गुपितं सगळ्या इमारतीला पाठ. आवकजावकनं त्याच दिवशी अर्ज केला. हेडक्लार्क म्हणाले, "तुमचंच समजा." 'समजा' हा शब्द ऐकला आणि त्यानं अर्जाची पोच दोनदा तपासली, कारण खात्यात जे समजायचं असतं ते कधी होत नसतं.

झालंच तसं. वरून परिपत्रक आलं. यापुढे घराचं वाटप ओळखीपाळखीवर नाही, दयेवर नाही, तर विदावर होईल. शिपायानं ते वाचून विचारलं, "विदा? कोण विदा होतंय? वर्गणी काढायची का?" हेडक्लार्कनी सांगितलं की विदा म्हणजे माहिती, पण माहितीला माहिती म्हटलं की कुणी घाबरत नाही. मग तो विदा की ती विदा यावर कार्यालयात दुपारपर्यंत वाद झाला. शेवटी कार्यालयाचे साहेब 'ते विदा' असा मध्यममार्ग काढून जेवायला गेले.

परिपत्रकात लिहिलं होतं: 'इमारतीतील सर्व रहिवाशांची नाममात्र, क्रमवाचक, अंतरवाचक व गुणोत्तरवाचक माहिती सोबतच्या नमुन्यात विनाविलंब सादर करावी.'

"हे तुम्हीच करा," हेडक्लार्क आवकजावकला म्हणाले.

"मी? पण साहेब, मी स्वतः अर्जदार—"

"कागद आधी कुणाच्या हातात आला?"

"माझ्या. सगळेच येतात."

"मग झालं तर. आणि एवढं घाबरता कशाला? नाममात्र माहिती द्या म्हणतायत. नाममात्र! चार ओळी खरडा आणि मोकळे व्हा."

आवकजावकनं चार ओळी खरडल्या. नाममात्र म्हणजे नावापुरती. 'इमारत आहे. रहिवासी आहेत. तळमजल्यास एक घर रिकामे आहे. गरज आहे.' कागद जसा गेला तसा परत आला, आणि त्यावर लाल शाईनं 'ही थट्टा आहे काय? खुलासा करावा' असा शेरा. आवकजावकच्या आयुष्यात त्याच्या नावावर लाल शाई पहिल्यांदाच पडली होती. त्यानं स्वतःच त्या कागदावर 'आवक'चा शिक्का मारला, आणि उठला की नाही या शंकेनं पुन्हा मारला.

आता मेहुण्याला बोलावणं भाग होतं. बायकोचा धाकटा भाऊ संध्याकाळच्या क्लासात संख्याशास्त्र शिकवतो. एरवी आवकजावक त्याला टाळतो, कारण तो चहा पितानाही शिकवतो. मेहुणा आला, परिपत्रक वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून मनसोक्त हसला.

"भाऊजी, नाममात्र नाही हो! नामवाचक! कुणीतरी शब्दकोशात बोट घातलं आणि हाताला लागलं ते उचललं. तुमच्या घराचा नंबर वीस, मावशींचा एक. म्हणून तुम्ही मावशींच्या वीसपट झालात का?"

"छे छे," आवकजावक म्हणाला. कुणाच्याही वीसपट असल्याचा आरोप त्याला झेपणारा नव्हता.

"म्हणजे वीस हे नुसतं नाव. घराला 'मोगरा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. नावाची बेरीज नाही, सरासरी नाही, लहानमोठेपणा नाही. हा पहिला प्रकार. दुसरा क्रमवाचक. शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा. कोण पुढं ते कळतं, पण बोटभर पुढं की मैलभर, ते कळत नाही. दुखणं त्यातलंच. सहा म्हणजे पाचाच्या वर, इतकंच. तिसरा अंतरवाचक. काल वीस अंश, आज चाळीस. म्हणून आज दुप्पट उकडतंय असं म्हणायचं नाही."

"जरा इकडे ओट्यापाशी ये," आतून बहीण म्हणाली. "मग सांग दुप्पट आहे का नाही ते."

"ताई, तिथला शून्य अंश हा खरा शून्य नसतो. खरा शून्य चौथ्या प्रकारात, गुणोत्तरवाचकात. वजन घे, उंची घे. शून्य म्हणजे काहीच नाही."

"कळलं. ह्यांची घरकामातली मदत."

आवकजावक हसला नाही. तो हातावर लिहून घेत होता. वहीचं पान फाटेल, हरवेल, हात कुठं जाणार आहे? पण हाताला घाम फुटला आणि क्रमवाचक मनगटाकडे ओघळत अंतरवाचकात मिसळलं.

"आणि एक लक्षात ठेवा," जाता जाता मेहुणा म्हणाला. "काही गोष्टी मोजायच्या असतात, काही मापायच्या. माणसं मोजायची, दूध मापायचं. दूध साडेतीन असतं. माणसं साडेतीन नसतात."

एवढं ज्ञान बरोबर घेऊन आवकजावक घरोघर निघणार, तोच जिन्यात मीटरवाले भेटले. हे दुसऱ्या मजल्यावर राहतात, दिवसभर लोकांच्या घरात शिरून पाण्याचे मीटर वाचतात, आणि उरलेल्या वेळात माणसं वाचतात.

"काय हो आवकजावक, अर्ज तुमचा आणि माहिती गोळा करणारेही तुम्हीच? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

हे वाक्य आवकजावकच्या वर्मी बसलं. इतक्या वर्षांत त्यानं कार्यालयातली टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. शर्टाला चुकून लागून आलेली एक आली होती, ती त्यानं दुसऱ्या दिवशी परत नेली. त्यानं जागच्या जागी दोन शपथा घेतल्या. एक, मीटरवाल्यांना पंच म्हणून बरोबर न्यायचं. दोन, नमुन्यात छापलेले शब्द जसेच्या तसे वाचायचे. कानामात्रेचा फरक नाही. समजावून सांगणं नाही. समजावलं की पक्षपात आला.

या दुसऱ्या शपथेनंच घात केला.

सुरुवात पंचांच्याच घरापासून झाली. आवकजावकनं घसा खाकरून वाचलं, "घरातील माणसे किती?"

"साडेचार," मीटरवाले म्हणाले.

"माणसं मोजायची असतात," आवकजावक हाताकडे बघत म्हणाला. "साडे नसतं."

"आमच्याकडे असतं. सासरे सहा महिने आमच्याकडे, सहा महिने मेहुण्याकडे. पूर्ण कसे धरू? मग खाण्यापिण्याचंही पूर्ण बघावं लागेल."

"पाच लिहा," आतून मीटरवाल्यांची बायको कडाडली. "माझ्या बाबांना अर्धं म्हणता? पुरते पाच लिहा, नाहीतर मीच जाते माहेरी, मग साडेतीन राहाल!"

पाच लिहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेंगणारे सासरे या घरात पहिल्यांदाच पूर्णांकात धरले गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

नमुन्यातल्या पहिल्या रकान्यावर नुसतं 'क्रमांक' असं छापलं होतं. कसला क्रमांक? आवकजावकनं हेडक्लार्कना विचारलं होतं. ते म्हणाले, "क्रमांक म्हणजे क्रमांक. त्यात काय विचारायचं?" तेव्हा त्यानं घरांचे क्रमांक लिहिले. मावशी एक, मीटरवाले दहा, आपण वीस. ते लिहितानाही त्याला उगाच धाकधूक वाटत होती. पण त्याला गॅसची शेगडी बंद करतानाही धाकधूक वाटते, त्यामुळे त्यानं लक्ष दिलं नाही.

शेवटचा रकाना महत्त्वाचा. 'दुखणे किती? (० ते १०)'. ज्याचं दुखणं जास्त, त्याला घर. हे सगळ्या इमारतीला कळलं होतं, त्यामुळे इमारत एकाएकी कण्हायला लागली होती. रोज सकाळी मैदानावर धावणारा तिसऱ्या मजल्यावरचा टंकलेखक 'सात' म्हणाला आणि पुरावा म्हणून लंगडत आत गेला. फक्त परत येताना दुसऱ्या पायानं लंगडत आला. मीटरवाल्यांनी स्वतःला सहा दिले आणि पंच म्हणून ते योग्य असल्याचं लगेच प्रमाणित केलं.

एक नंबरात मावशी वाती वळल्यासारखी बोटं चोळत बसली होती. आवकजावकनं वाचलं, "दुखणे किती? शून्य ते दहा." मावशीनं हातांकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाली, "दहा रे बाबा. दहाच्या दहा." आवकजावकला आश्चर्य वाटलं, कारण मावशी सकाळी अंगणात बादली घेऊन तरातरा चालताना त्यानं पाहिली होती. पण शपथ म्हणजे शपथ. दहा लिहिलं.

सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. मीटरवाले पंचाच्या ऐटीत पलंगाच्या कडेला बसले. बायको दारात उभी राहून डोळ्यांनी सासूला खुणा करत होती. आईच्या दुखण्याचे पुरावे त्याला शोधावे लागणार नव्हते. उठताना पलंगाची कड धरून ओठ दाबणारी आई तो रोज बघत होता.

"दुखणे किती? शून्य ते दहा."

आई म्हणाली, "दोन."

"आई, नीट ऐकलंस का? दुखणे—"

"पंचांसमोर दबाव आणताय," मीटरवाले म्हणाले.

"ऐकलं की. दोन. बहिरी नाही मी, लंगडी आहे."

बायकोच्या हातातलं ताट सुटलं. ते जमिनीवर फिरत फिरत वाजत राहिलं. आवकजावकनं दोन लिहिलं. लिहिताना त्याला वाटलं, आईनं मानीपणानं केलं. आयुष्यभर कुणापुढं कण्हली नाही, आता मीटरवाल्यांपुढं कशी कण्हेल? त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. यातलं कुठलं किती, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. बायको मात्र दोन दिवस सासूशी बोलली नाही. नवऱ्याशी बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

वरून निकाल आला. आवकजावकनं शिक्का मारायच्या आधी वाचला, मग शिक्का मारायचं राहूनच गेलं.

'प्राप्त विदानुसार प्रथम क्रमांक : एक. दुखणे : दहा. सबब तळमजल्यावरील घर क्रमांक दोन हे घर क्रमांक एकमधील रहिवाशांस देण्यात येत आहे. विसावा व अखेरचा क्रमांक असलेल्या अर्जदाराने पुन्हा अर्ज करू नये. तसेच इमारतीतील सरासरी रहिवासी दुसऱ्या मजल्यावर राहत असल्याने जिन्याचा प्रश्न गंभीर नाही.'

म्हणजे तळमजल्यावरच्या मावशीला जिन्याचा त्रास होऊ नये म्हणून समोरचं तळमजल्यावरचं घर. आणि घराचा नंबर वीस, म्हणून आईची गरज विसावी.

इमारतीत एकच खळबळ उडाली. मावशीचा मुलगा दोन्ही दारांच्या मधे उभा राहून डोकं खाजवत होता. मीटरवाले तेवढे खूश. "सरासरी रहिवासी म्हणजे मीच की! दुसऱ्या मजल्यावर तर मी राहतो." त्या दिवसापासून ते जिना चढताना जरा छाती काढून चढतात.

आवकजावक रजा टाकून वरच्या कार्यालयात गेला. इथून पुढचं साहेबांनो, तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला जे माहीत असतं तेच तुम्हाला पुन्हा सांगावं लागतं. खिडकीवर त्याला सांगितलं, विदाचं काम कक्ष क्रमांक नऊमध्ये. नऊमध्ये सांगितलं, साहेब फिरतीवर. फिरती संपली तेव्हा साहेब जेवायला. जेवण संपलं तेव्हा खिडकी बंद. दारातल्या बाकावर बसला तर शिपाई म्हणाला, बाक कर्मचाऱ्यांसाठी आहे. तो म्हणाला, मी कर्मचारीच आहे. शिपाई म्हणाला, या कार्यालयाच्या. शेवटी तुमच्यातले विदासाहेब भेटले. त्यांच्या टेबलावर रंगीत तक्ते होते आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"साहेब, तो घराचा क्रमांक होता. गरजेचा नव्हे."

"क्रमांक म्हटलं की क्रम आला."

"आपल्या दारावर कक्ष क्रमांक नऊ लिहिलंय," आवकजावक म्हणाला, आणि आपण हे बोलतोय हे ऐकून त्याचं त्यालाच धस्स झालं. "म्हणजे साहेब, हुशारीत आपण नववे का?"

आयुष्यात एकदाच तोंडून खणखणीत वाक्य जावं आणि ते नेमकं वरिष्ठांसमोर जावं! विदासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, चहा मागवला. एकच.

"विदा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "क्रमांकाचं एक वेळ बाजूला ठेवू. पण तुमच्या आईंचं दुखणं दोन आहे. दोन! इमारतीत सगळ्यात कमी. धावणाऱ्या टंकलेखकाचं सात आहे. तुम्हीच लिहिलंय ना? मग? आकडा चुकला असेल तर कसा चुकला त्याचा लेखी खुलासा आणा. सोमवारच्या आत. नंतर वाटप कायम."

आवकजावक घरी आला तो घामानं निथळत. आई गॅलरीत बसून खालच्या मावशीशी ओरडून बोलत होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"आई, एकदा खरं सांग. तू दोन का म्हणालीस?"

"दोन नाही तर किती म्हणू?"

"अगं, तुला एवढं दुखतं. आठ म्हण, नऊ म्हण!"

आई त्याच्याकडे, मूल शाळेतून पाटी फोडून आल्यावर बघावं तसं बघत राहिली. "आठ कुठून आणू? माणसाला गुडघे दोन. दोन्ही दुखतात. तू विचारलंस दुखणे किती. मी म्हटलं दोन."

आतून बायको धावत बाहेर आली. आईला आता वेगळीच शंका आली. तिनं गॅलरीच्या कठड्याला धरून खाली हाक मारली.

"काय गं ए, तू दहा कुठून आणलेस?"

"बोटं नाहीत का दहा?" खालून मावशी ओरडली. "सकाळी उठलं की सगळी आखडलेली असतात मेली!"

"बघ," आई म्हणाली. "तिनं पण बरोबर सांगितलं. तुझ्या साहेबाला मोजता येत नाही का?"

मेहुण्यानं मोजायचं आणि मापायचं वेगळं म्हणून सांगितलं होतं. पण आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच, किती. आंबे किती, आणि तहान किती. हे मेहुण्याच्या ध्यानात आलं नाही, साहेबांच्या आलं नाही, आणि आवकजावकनं शपथेवर छापील अक्षर वाचलं म्हणून त्याच्याही आलं नाही. जरा माणसासारखं विचारलं असतं, "आई, फार दुखतं का गं?" तर? पण तो रकाना नव्हता.

बायकोनं सासूपुढं बसून तिचे दोन्ही गुडघे हातात घेतले. "मला वाटलं तुम्ही मुद्दामच..." एवढंच म्हणाली आणि तेल आणायला उठली.

खुलासा आवकजावकनं एका बैठकीत लिहिला. आईनं गुडघ्यांची संख्या सांगितली, दुखण्याची तीव्रता नव्हे, मावशींनी बोटांची, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. मावशीच्या मुलानंही लिहून दिलं की दुसरं घर आम्हाला नको, पहिल्याचीच झाडलोट उरकत नाही. मीटरवाल्यांनी पंच म्हणून सही केली आणि खाली कंसात 'सरासरी रहिवासी' असं लिहिलं. सोमवारच्या आत कागद हातोहात पोचवला, पोच घेतली, ती पोच खरी आहे ना हे परत जाऊन विचारलं.

तुमचं उत्तर आलं. ते इथं जसंच्या तसं देणं भाग आहे, नाहीतर लोकांना वाटेल बनवून सांगतायत.

'खुलासा पाहिला. सदर वृद्धेस दोन गुडघे असल्याची नोंद घेण्यात आली आहे. तथापि सर्वसाधारण रहिवाशांसही दोनच गुडघे असल्याने विशेष गरज सिद्ध होत नाही. घर क्रमांक एकने नकार दिल्याने घर क्रमांक दोन पुढील विदा येईपर्यंत बंद ठेवावे.'

आवकजावकनं कागद घरी आणला. तो लपवायचा त्याचा विचार होता, पण त्याचा चेहरा बघून आईनं ताडलं. "वाच," म्हणाली. त्यानं वाचला. दोन गुडघ्यांच्या ओळीवर बायको हसायला लागली, मग तिला रडू फुटलं. आई म्हणाली, "बंद ठेवावे. बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला. बायको धापा टाकत होती. "अहो, आई घरात नाहीत!"

आवकजावक शिक्का हातात घेऊनच पळाला. इमारतीशी पोचला तेव्हा सगळे जिन्यात गोळा झालेले. आई एकटीच निघाली होती. उभ्यानं नाही, पायरीवर बसायचं, हात टेकायचे, खालच्या पायरीवर सरकायचं. लहान मूल उतरतं तशी. टंकलेखक म्हणाला, "आजी, मी धरतो", ती म्हणाली, "तुझे पाय सात दुखतायत, तू जप." दुसऱ्या मजल्यावर मीटरवाले आडवे आले, "आजी, खुर्ची आणतो, चौघांना बोलावतो." आई म्हणाली, "सरक बाजूला. मला कुणी उचलायचं नाही." आणि मीटरवाले, ज्यांनी आयुष्यात कुणाला वाट दिली नाही, ते भिंतीला चिकटून उभे राहिले. फोन ठेवून जिन्यात पळालेली सून दोन पायऱ्या मागं, हात पुढं करून, पण हात न लावता. जिन्यावर लुगड्याचा काठ फाटला, तळहात सोलले.

आता ती दोन नंबरच्या बंद दारासमोर बसली आहे. मावशीनं सतरंजी आणली आहे. दोघी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलतायत, आणि इमारतीला काही ऐकू येत नाही म्हणून इमारत बेचैन आहे. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, उतरल्या ते उतरल्या, आता परत वर चढवायचं नाव काढू नका. पुन्हा असा जिना केला तर गुडघे संपले. आई म्हणाली, "चढायला कोण जातंय?" आणि दाराला पाठ टेकून बसली.

आवकजावक तिच्या शेजारी उभा आहे. त्यानं कुलूप ओढून पाहिलं. पक्कं आहे. इमारतीचा पहारेकरी म्हणतो, किल्ली वर गेली. वर फोन केला तर खिडकी म्हणते, कक्ष नऊकडे. कक्ष नऊ म्हणतो, किल्ली हा आमचा विषय नाही, आमच्याकडे फक्त विदा असतं. ऊन सरकत सरकत आईच्या पायांपर्यंत आलं आहे. पण या वेळी आवकजावक जागचा हलत नाही.

तेव्हा साहेबांनो, चष्मा नंतर पुसा. दोन नंबरची किल्ली कुणाच्या खिशात आहे? उत्तर आकड्यात देऊ नका. माणसाचं नाव सांगा.